बरणीत असतं ते, नसतं ते

‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ हे वाक्य वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो. बातमी तिथे संपते आणि आमचं काम तिथून सुरू होतं. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात माझी सगळी नोकरी गेली. पोलीस ठाण्याचा हवालदार लाखेचा शिक्का मारलेल्या बरण्या घेऊन येतो. एकीत जठर, त्यातलं अन्न आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, प्लीहा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. अवयव मिठाच्या संपृक्त पाण्यात बुडवलेले. बरणी दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही, कारण कुजताना वायू सुटतो आणि उन्हाळ्यात लांबच्या तालुक्यातून येताना झाकण उडू शकतं. रक्ताची बाटली वेगळी, तिच्यात सोडियम फ्लोराइड. शिवाय ज्या मिठाच्या पाण्यात अवयव ठेवले, त्याचा कोरा नमुनाही स्वतंत्र बाटलीत हवा. तो नसला की वकील विचारतात, विष त्या पाण्यातूनच आलं नसेल कशावरून? प्रश्न रास्त असतो.

विष शोधायचं म्हणजे आधी मांस बाजूला सारायचं. १८३६ साली मार्शने सोमल पकडायची पद्धत दिली. पण वनस्पतींची विषं शरीरात विरून जात, ती हाती लागत नसत. १८५० मध्ये बेल्जियममध्ये एका सरदाराने आपल्या मेहुण्याला निकोटीन पाजून मारलं, तेव्हा जाँ स्तास या रसायनतज्ज्ञाने मद्यार्क, आम्ल आणि ईथर यांच्या साहाय्याने ते अवयवांतून वेगळं काढून दाखवलं. आज आमच्याकडे जीसी-एमएससारखी यंत्रं आहेत, पण अवयवातून विष आधी सोडवून घ्यायचं आणि मग ओळखायचं, हा क्रम तोच राहिला आहे.

महाराष्ट्रातल्या बरण्यांत सर्वाधिक काय येतं, हे शेतीची बातमी वाचणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. कीटकनाशकं. काचेच्या पट्टीवर अर्काचा ठिपका द्यायचा, द्रावक वर चढू द्यायचा, मग पॅलेडियम क्लोराइडचा फवारा मारायचा. गंधकयुक्त ऑर्गनोफॉस्फरस असेल तर पिवळसर तपकिरी ठिपका उमटतो. धान्यात ठेवायच्या गोळ्यांचा, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा संशय असेल तर त्यातून निघणारा फॉस्फीन वायू सिल्व्हर नायट्रेटचा कागद काळा करतो. मात्र कुजलेल्या अवयवातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि तोही हाच कागद काळा करतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद धरायचा. तो सल्फाइडने काळा पडतो, फॉस्फीनने नाही. नव्या मुलामुलींना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवत असे. मृतदेह स्वतःच रसायनं तयार करत असतो. मद्य न घेतलेल्या माणसाच्या कुजत्या रक्तातही अल्कोहोल तयार होतं.

याहून अवघड गोष्ट धोतऱ्याची. धोतऱ्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, आणि प्रवाशाला चहातून किंवा खाण्यातून धोतरा देऊन लुबाडण्याचा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. त्यातलं एक मुख्य विष ॲट्रोपिन. आता एखाद्या बाईने कीटकनाशक प्यायलं, नातेवाइकांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी जठर धुतलं आणि ॲट्रोपिनची इंजेक्शनं दिली, कारण या विषबाधेवर तोच उतारा आहे. चार दिवसांनी ती गेली. आमच्या बरणीत काय सापडणार? कीटकनाशक धुतलं गेलं, उरलं ते शरीराने विघटित केलं, सापडलं ॲट्रोपिन. दवाखान्याचे कागद सोबत नसतील तर जीव वाचवण्यासाठी दिलेलं औषध अहवालात विष म्हणून उभं राहील आणि कुणाच्या तरी घरी पोलीस जातील. धोतऱ्यात ॲट्रोपिनबरोबर हायोसीनही असतं, म्हणून आम्ही ते शोधतो, जठरात बियांचे कण आहेत का पाहतो. तरीही खरा उलगडा होतो तो केसपेपरच्या एका झेरॉक्सने. ती झेरॉक्स आणायला एखाद्या हवालदाराला अर्धा दिवस खर्च करावा लागतो, आणि त्या अर्ध्या दिवसाची किंमत मला आमच्या यंत्रापेक्षा कमी वाटत नाही.

तपासी अंमलदारांचे फोन येत. “मॅडम, पॉझिटिव्ह आहे का?” त्यांच्यावरचा ताण मला कळत असे. वर साहेब विचारतात, बाहेर नातेवाईक बसलेले असतात. पण त्या प्रश्नात एक समजूत दडलेली असते, की पॉझिटिव्ह म्हणजे खून आणि निगेटिव्ह म्हणजे काही घडलंच नाही. ती समजूत किती अपुरी आहे, हे दाखवणारे दोन खटले पुण्याचेच आहेत.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मधुमेह असलेली एक विधवा बाई आपल्या डॉक्टरांबरोबर रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला निघाली. पहाटे डॉक्टरांनी तिला बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात दाखल केलं, नाव खोटं सांगितलं. काही तासांत ती गेली. देह बेवारस पडून राहिला आणि शवविच्छेदन बऱ्याच दिवसांनी झालं. रासायनिक विश्लेषकांना व्हिसेरात कोणतंही विष आढळलं नाही. इकडे तिच्या नातेवाइकांना तिच्या नावाने पत्रं येत राहिली, की मी लग्न केलं आहे, माझी काळजी करू नका. आणि तिची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात राहिली. डॉ. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये खुनाची शिक्षा कायम केली. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, पण बहुमताने मानलं की विष सापडलं नाही म्हणून बाकीचा पुरावा पुसला जात नाही. त्याच सुमारास, मे १९५७ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला एका परिचारकाने पत्नीला इन्सुलिन टोचून मारलं. तिथल्या डॉक्टरांनी भिंगाने त्वचा तपासून सुईच्या खुणा शोधल्या, तिथलं मांस काढलं आणि त्यातून इन्सुलिन मिळवलं. पुण्याच्या खटल्यातही इन्सुलिनच होतं असं मी मुळीच म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ‘आढळले नाही’ हे त्या अवयवांपुरतं, त्या दिवसापुरतं आणि त्या काळच्या चाचण्यांपुरतं खरं असतं.

दुसरा खटला शरद बिरधीचंद सारडा यांचा. जून १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. कारण पोटॅशियम सायनाइड. इथे विषाबद्दल शंका नव्हती. खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र आरोपीला निर्दोष सोडलं, कारण तिच्या पत्रांतून दिसणाऱ्या मनःस्थितीवरून आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. विषप्रयोगाच्या खटल्यात चार गोष्टी पाहाव्या लागतात असं या निकालात म्हटलं आहे : मारण्याचा हेतू होता का, मृत्यू विषानेच झाला का, आरोपीजवळ ते विष होतं का, आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली का. या चारांपैकी फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या बरणीत असतं, तेही नेहमी नाही. उरलेले तीन प्रश्न अंमलदाराच्या पायांनी सुटतात : कृषी सेवा केंद्राच्या पावतीपुस्तकापाशी, शेजारणीच्या ओट्यावर, पोस्टाच्या शिक्क्यापाशी. आमचं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं असलं तर त्यांची उरलेली धावपळ योग्य दिशेने होते. आम्ही उत्तरात आपल्या मनाचं चिमूटभर जरी मिसळलं, तर अख्खा तपास वाकडा जातो. म्हणून मी कधीही फोनवर अंदाज सांगितला नाही.

१ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरवलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण विषाचा खरा पुरावा पुष्कळदा शरीराबाहेरच असतो. पेला, उलटीचं फडकं, पलंगाखालची बाटली, दवाखान्यात पहिल्यांदा जठर धुतल्यावर निघालेलं पाणी. ते पाणी बहुतेक वेळा मोरीत जातं.

एका तरुण फौजदाराने एकदा व्हिसेऱ्याबरोबर एक वाळवलेली, कागदात गुंडाळलेली साडी पाठवली होती. बाई पाच दिवस दवाखान्यात होती. मी दोन्ही तपासलं. अहवालात वर लिहिलं, व्हिसेरात विष आढळले नाही. खाली लिहिलं, साडीच्या पदरावर मोनोक्रोटोफॉस आढळले. न्यायालयात बचाव पक्षाच्या वकिलांनी मला पहिल्या ओळीवर बराच वेळ धरलं. दोन्ही ओळी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मी जठर धुण्यापासून यकृताच्या कामापर्यंत सगळं मराठीत सांगितलं, आणि न्यायाधीशांनी ते शब्दशः लिहून घ्यायला लावलं.