मोटार थांबल्यानंतरचे उड्डाण

विद्युत मोटार बसवलेले आणि रेडिओद्वारे नियंत्रित होणारे ग्लायडर ही विमानाची प्रतिकृती असली, तरी खऱ्या अर्थाने ते हवा वाचण्याचे साधन आहे. नाकावरची मोटार त्याला शंभरेक मीटर उंचीवर नेऊन पोहोचवते आणि तिथे ती बंद केली जाते. पंख्याची दोन्ही पाती मागे मिटून धडाला चिकटतात आणि पुढचे उड्डाण, म्हणजे ज्यासाठी सारा खटाटोप केलेला असतो तो भाग, हवेत वर चढणारा प्रवाह सापडतो की नाही यावर अवलंबून राहतो. असे प्रवाह शोधायला अकोला जिल्ह्यातील पातूरइतकी सोयीची जागा वऱ्हाडात क्वचितच मिळेल, हे प्रस्तुत लेखकाचे मत तिथल्या माळावर उन्हाळ्याच्या तोंडी केलेल्या उड्डाणांतून बनले आहे.

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळे रान संपते आणि डोंगराचा चढ सुरू होतो. पातूर नेमके या सांध्यावर वसलेले असून गावापुढे रस्ता घाट चढून मेडशी आणि मालेगावकडे जातो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस आणि तूर निघालेली असते, पऱ्हाटी उपटून वावर नांगरलेले असते आणि उघडी पडलेली काळी माती ऊन शोषून भराभर तापते, तर धुऱ्यापलीकडचा ओलिताचा भुईमूग किंवा लिंबाची बाग त्याच वेळी थंड असते. शेजारच्या दोन जमिनींच्या तापमानात असा फरक पडला की तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन फुगते, एखाद्या उंचवट्याच्या किंवा वाऱ्याच्या झुळकेच्या निमित्ताने जमिनीपासून सुटते आणि स्तंभासारखी वर चढू लागते. या चढत्या स्तंभाला थर्मल म्हणतात. वऱ्हाडात दुपारी उठणारी वावटळ म्हणजे धुळीमुळे डोळ्यांना दिसणारे थर्मलचे बूडच होय. डोंगराचा उपयोग याहून निराळा आहे. त्याची पातूरकडची बाजू उत्तराभिमुख असल्यामुळे हिवाळ्यात उत्तरेचा वारा वाहत असला तर तो उतारावर आपटून वर वळतो आणि त्या पट्ट्यात ग्लायडर तरंगत ठेवता येते. उन्हाळ्यात मात्र वारा बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा असतो, तो डोंगराला समांतर किंवा तिरका निघून जातो आणि भिस्त थर्मलवरच ठेवावी लागते.

जागा निवडताना रेणुकामातेची टेकडी आणि कोरीव लेण्यांचा परिसर हेतुपुरस्सर टाळला होता, कारण भाविकांच्या डोक्यावरून काहीही उडवणे गैर आहे. गावाबाहेरची ई-क्लास, म्हणजे गुराढोरांसाठी राखलेली सरकारी पडीत जमीन, उड्डाणासाठी योग्य ठरली; विजेच्या तारा आणि शेतातली डीपी दूर होती आणि उतरायला गवताचा मोकळा पट्टा होता. मानवरहित विमानांसाठी २०२१ साली आलेल्या नियमांत मनोरंजन आणि शिक्षणासाठी उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांना वेगळे स्थान दिलेले आहे, मात्र मॉडेल नजरेच्या टप्प्यात ठेवणे बंधनकारक आहे आणि नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. ही मर्यादा पुढे उड्डाणात किती महत्त्वाची ठरते ते ओघाने येईलच.

ग्लायडर फोमचे, दोन मीटर पंखविस्ताराचे आणि बॅटरीसह सुमारे ९०० ग्रॅम वजनाचे होते. पंख, शेपूट आणि धड जोडायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो जोडणीनंतरच्या तपासण्यांना, आणि त्या उरकून टाकण्याच्या नसतात. सर्व्हो, म्हणजे शेपटीचे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी, मध्यस्थितीत असताना सुकाणू आणि उत्थापक हे दोन्ही पृष्ठभाग अगदी सरळ असले पाहिजेत. नसतील तर तो दोष ट्रान्समीटरच्या ट्रिमने झाकण्याऐवजी तारेच्या टोकाचा दुवा फिरवून काढावा, कारण ट्रिम ही उड्डाणातल्या बारीक दुरुस्तीसाठी राखून ठेवायची शिल्लक असते. दिशा तपासताना ग्लायडरच्या मागे उभे राहावे: दांडी उजवीकडे नेली की सुकाणू उजवीकडे वळले पाहिजे आणि दांडी आपल्याकडे ओढली की उत्थापक वर उचलला गेला पाहिजे. चालू करताना आधी ट्रान्समीटर आणि मग ग्लायडरची बॅटरी, बंद करताना नेमका उलटा क्रम, हा नियम पाळला जातो तो रिसीव्हर कधीही आदेशाविना राहू नये म्हणून. एकदा बॅटरी जोडली की पंखा कोणत्याही क्षणी फिरू शकतो असे धरून बोटे, बाह्या आणि भोवतीची उत्सुक मुले त्याच्या कक्षेबाहेर ठेवावी लागतात.

मोटारीचा वेग ठरवणाऱ्या नियंत्रकात ब्रेक चालू करणे ही बाब दिसायला किरकोळ आहे, परंतु ग्लायडरच्या बाबतीत ती निर्णायक ठरते. ब्रेक नसेल तर मोटार बंद झाल्यावरही समोरून येणाऱ्या हवेने पंखा फिरतच राहतो, पाती मिटत नाहीत आणि त्या फिरण्याचा अवरोध ग्लायडरला सतत मागे ओढत राहतो. ब्रेक लागला की पंखा थबकतो आणि तीच हवा पाती मागे दुमडून टाकते.

सर्वांत नाजूक काम गुरुत्वमध्याचे. दोन्ही पंखांखाली, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, बोटांची टोके टेकवून ग्लायडर उचलले असता ते आडवे किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहावे. शेपटी खाली गेली तर ते हवेत सावरता येत नाही. तोल साधण्यासाठी वेगळे वजन लावण्यापेक्षा बॅटरीच पुढे-मागे सरकवावी, म्हणून व्हेल्क्रोची पट्टी लांब ठेवलेली असते आणि सापडलेली जागा धडाच्या आत पेनने खुणावली जाते. निर्मात्याने दिलेले माप हे प्रारंभीचे सुरक्षित माप असते. अंतिम माप हवेतच कळते.

ते कळण्याची रीत अशी: पुरेशा उंचीवर मोटार बंद करून ग्लायडरला नाक खाली करून हलका सूर मारू द्यायचा आणि दांडी मोकळी ठेवायची, नाक झपाट्याने वर उचलले गेले तर गुरुत्वमध्य जास्त पुढे आहे आणि नाक आणखी खाली वळू लागले तर तो जास्त मागे आहे. पातूरच्या सकाळी, हवा अजून थंड आणि स्थिर असताना, ग्लायडर वर उचलले जाऊन लाटेसारखे डोलत होते. बॅटरी काही मिलिमीटर मागे सरकवून उत्थापकाची ट्रिम थोडी खाली घेतल्यावर तेच ग्लायडर सुरातून संथपणे बाहेर येऊ लागले आणि मुख्य म्हणजे हवेतील बारीकसारीक हालचाल त्याच्या पंखांवर दिसू लागली. नाक जड असलेले ग्लायडर सुरक्षित असते खरे, पण ते हवेविषयी काही सांगत नाही. जुळणीचा सारा काटेकोरपणा त्याला बोलते करण्यासाठी असतो.

ऊर्जेचा हिशोबही याच दिशेने जातो. तीन सेलच्या १३०० मिलिअँपिअर-तासांच्या लिथियम पॉलिमर बॅटरीतून चढताना सुमारे १५ अँपिअर प्रवाह घेतला, तर २० सेकंदांच्या चढाईला जेमतेम ८३ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. सेकंदाला पाच मीटर या वेगाने तेवढ्यात १०० मीटर उंची मिळते, आणि शांत हवेत सेकंदाला अर्धा मीटर या गतीने उतरणारे ग्लायडर ती तीन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात गमावते. त्याहून जास्त वेळ वर राहिल्यास तो वेळ हवेने दिलेला असतो. एफ-५-जे या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकाराची बांधणी याच तत्त्वावर झाली आहे: मोटार एकदाच आणि फार तर ३० सेकंद चालवायची, दहा मिनिटे हवेत राहायचे, आणि जितक्या उंचीवरून सुरुवात केली त्या मानाने गुण कापले जातात, २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा गुण आणि त्यापुढे मीटरमागे तीन. कमी उंचीवरून थर्मल पकडण्याच्या कौशल्याला एवढे मोल देणारा नियम प्रस्तुत लेखकाला या छंदातील सर्वांत सुंदर नियम वाटतो.

दहाच्या सुमारास माती तापू लागली. मोटारीचा आवाज थांबताच शेळ्या घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने काळजीने विचारले, "बंद पडलं काय जी भाऊ?" बंद पडले नसून बंद केले आहे, आणि आता घारीप्रमाणे पंख न हलवता ते वर राहील, हे समजल्यावर त्यांनी काठीने नांगरलेल्या वावराकडे दाखवले: "मंग तिकडं न्या ना. थ्या घारी तिथंच फिरून राह्यल्या." हवेच्या अभ्यासाचे पुस्तक याहून नेमके सांगू शकले नसते. त्याच वेळी गालावर लागणारा पश्चिमेचा वारा मंदावला होता; चढणारा स्तंभ बुडाशी भोवतालची हवा ओढून घेत असल्यामुळे आपल्या पूर्वेला तो उठला की पश्चिमेचा वारा वाढतो आणि पश्चिमेला उठला की मंदावतो, आणि वावर पश्चिमेलाच होते.

ग्लायडर तिकडे वळवले असता आधी ते खाली बसले, कारण थर्मलच्या भोवती खाली येणाऱ्या हवेचे कडे असते आणि नवशिका नेमका तिथेच धीर सोडून परततो. पुढे जाऊ दिल्यावर डावा पंख आपोआप उचलला गेला. उचललेल्या पंखाच्या बाजूला, म्हणजे ग्लायडरला ज्या दिशेपासून ढकलले जात आहे त्याच दिशेला वळायचे असते; तसे वळल्यावर धडातील व्हॅरिओमीटरचा, म्हणजे चढ-उताराची गती मोजणाऱ्या उपकरणाचा, ट्रान्समीटरमधून येणारा सूर उंच होत गेला. पंधरा-वीस मीटर त्रिज्येच्या घिरट्या घेताना ज्या बाजूला सूर चढतो त्या बाजूला घिरटीचा मध्य सरकवत न्यायचा, आणि स्तंभ वाऱ्याबरोबर वाहत जातो म्हणून आपणही त्याच्याबरोबर वाहायचे, पण परत येताना वारा समोरून लागेल हे लक्षात ठेवून. दोन घारी त्याच घेऱ्यात होत्या. त्यांनी ग्लायडरची दखल घेतली, जवळून पाहिले आणि आपली घिरटी किंचित मोठी केली.

वऱ्हाडच्या उन्हाळी हवेत वर जाण्यापेक्षा वर जाणे थांबवणे अवघड असते. उंची शंभर मीटरच्या पुढे जाताच थर्मल सोडणे भाग होते, आणि तेव्हा नाक खाली दाबून वेगाने उतरण्याचा मोह घातक ठरतो, कारण फोमचे पंख ठरावीक वेगापलीकडे फडफडू लागतात आणि मोडतात. थर्मलभोवतीचे जे खाली येणाऱ्या हवेचे कडे मघाशी अडचणीचे वाटले होते, तेच आता उपयोगी पडले: ग्लायडर सरळ त्या कड्यात नेऊन संथपणे उंची सोडली, वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घेतला आणि वाऱ्याला सामोरे करून ते गवताच्या पट्ट्यात टेकवले, कारण शेजारच्या वावरातील पऱ्हाटीचे खुंट फोममध्ये खिळ्यासारखे शिरतात.

अकरा वाजता उड्डाणे थांबवली. त्यापुढे थर्मल जोरदार होतात खरे, परंतु लिथियमच्या सेलना ४५ अंशांच्या आसपास चार्ज करणे धोक्याचे असते आणि बंद गाडीत ठेवलेल्या फोमच्या पंखांना फोड येतात, म्हणून दोन्ही निंबाच्या सावलीत काढून ठेवली. बॅटरी मोजली तेव्हा प्रत्येक सेलवर ३.८ व्होल्ट होते. लिथियम बॅटरी दीर्घकाळ साठवण्यासाठी हाच दाब योग्य मानतात, त्यामुळे ती चार्ज न करता तशीच पेटीत ठेवता आली.