डेटाबेसच्या दारात कोण आलंय?

विकांताला डोक्याला थोडा खुराक म्हणून एक प्रश्न. तुमच्या ऑफिसातला प्रोग्रॅम पन्नास जण वापरतात. डेटाबेसला त्यातले किती दिसतात? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, एक! प्रोग्रॅम स्वतःच्या एकाच खात्याने आत जातो आणि सगळ्यांची कामं त्याच नावावर करतो. मस्टरवर पन्नास जणांची हजेरी, सही मात्र एकाचीच.

हा काही आळस नव्हे. कनेक्शन उघडणं महाग असतं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो, आणि मुळातली मर्यादा साधारण १०० कनेक्शन्सची (वाढवता येते, पण फुकट नाही). म्हणून थोडी कनेक्शन्स उघडून ठेवायची आणि रिक्षा स्टँडसारखी येईल त्याला द्यायची. हाच कनेक्शन पूल. पण कुठलंही कनेक्शन कोणालाही चालायचं तर सगळी एकाच नावाची हवीत. नाव हरवतं ते इथे.

हरवलं तर बिघडलं काय? एका पतपेढीतला प्रकार मी जवळून पाहिलाय. एका कर्जाचा व्याजदर परस्पर बदलला गेला होता. ऑडिट टेबलात तारीख, वेळ, जुना दर, नवा दर, सगळं होतं. नावाच्या रकान्यात मात्र प्रोग्रॅमचं खातं. संशय गेला काउंटरवरच्या सगळ्यात नव्या मुलीवर. तिनेच केलं याला पुरावा नव्हता, तिने केलं नाही यालाही नव्हता. शेवटी तिने नोकरी सोडली. रकाना तांत्रिक, पण भोगलं माणसाने.

मग प्रत्येकाला वेगळं कनेक्शन द्यावं का? नाव बरोबर येईल, पण पूलचा फायदा जाईल. शिवाय डेटाबेसचा पासवर्ड हाती आला की माणूस प्रोग्रॅमला वळसा घालून एक्सेलमधूनही आत शिरू शकतो.

मधला रस्ता आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रोग्रॅमच्या खात्याला त्या माणसाच्या रोलचं सदस्य करायचं आणि काम सुरू करताना 'सेट रोल' म्हणायचं. कनेक्शन तेच, पण परवानग्या आणि 'करंट यूजर' त्या माणसाचे. २०१६ साली आलेल्या ९.५ आवृत्तीपासून तर कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हेही यावर ठरवता येतं. ऑरॅकलमध्ये यासाठी प्रॉक्सी ऑथेंटिकेशन आहे. प्रोग्रॅम आपल्या पासवर्डने आत येतो, पण वावरतो तुमच्या नावाने. त्याला तुमचा पासवर्ड लागत नाही.

यात खाचखळगे आहेतच. रोल न उतरवता कनेक्शन पूलमध्ये परत गेलं, की पुढचा माणूस आधीच्याच्या नावाने वावरतो. म्हणजे बिननावी नोंदीच्या जागी चुकीच्या नावाची नोंद, हे तर जास्त वाईट! त्यामुळे ट्रान्झॅक्शनच्या आत 'सेट लोकल रोल' वापरावं, ट्रान्झॅक्शन संपलं की रोल आपोआप उतरतो. आणि प्रोग्रॅममध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं भोक असेल तर घुसखोरही 'रीसेट रोल' म्हणू शकतो, तेव्हा ही काही अभेद्य भिंत नव्हे.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की ऑडिट टेबलातल्या शेवटच्या दहा ओळी काढा आणि नावाचा रकाना वाचा. दहाही ठिकाणी एकच नाव दिसलं, तर उद्या संशय कोणावर जाईल याचा अंदाज तुम्हाला आत्ताच येईल.