चंद्रकळा आणि भाऊसाहेब

माशांची टाकी लांब असावी, खोल नसावी, असं जाणकार सांगतात आणि ते खरंच आहे. काचेवर दाब येतो तो पाण्याच्या खोलीमुळे, लांबीचा त्यात हात नाही. हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो वरच्या पृष्ठभागातून, म्हणजे उभट टाकीत पाणी भरपूर आणि श्वासाची सोय तोकडी. शिवाय तळाशी पडलेला खडा उचलायचा तर बाही काखेपर्यंत भिजते. तरीही सेलूच्या आमच्या घरात तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल टाकी होती. दहा मिलिमीटर जाडीची काच, अडीचशे लिटर पाणी. ती एवढी खोल केली ती चंद्रकळेसाठी.

चंद्रकळा म्हणजे एंजल मासा. जात मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली, पण दुकानात मिळणारे एंजल बहुतेक टाक्यांमध्येच पैदा झालेले असतात. पाठीवरचे आणि पोटाखालचे पर धरले तर हा मासा लांबीपेक्षा उंचीला जास्त भरतो. बुडालेल्या मुळ्यांतून, पाणवनस्पतींच्या दांड्यांतून अंग चोरून जायला ते चपटं, उभं शरीर. अशा प्राण्याला उथळ भांड्यात ठेवणं म्हणजे त्याची निम्मी चाल काढून घेणं. बाबांनी तिला औरंगाबादहून हवा भरलेल्या पिशवीत, रेल्वेनं आणलं तेव्हा ती नखाएवढी होती आणि नखशिखान्त काळी. आई म्हणाली, "ही तर चंद्रकळा नेसूनच आलीय!" संक्रांत तोंडावर होती, नाव तिथंच ठरलं. तिच्याबरोबरचा दुसरा चंदेरी, अंगावर काळे पट्टे, कपाळ रुंद. त्याचा रुबाब बघून आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणू लागलो.

ती भारनियमनाची वर्षं होती. वीज गेली की हवेचा पंप बंद. मे महिन्यात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश, आणि पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले की घरातलं जे कुणी हाताशी असेल त्यानं तांब्या घ्यायचा, टाकीतलंच पाणी भरून हातभर उंचीवरून परत सोडायचं. दुपारची झोप आमच्याकडे अशी पाळीपाळीनं व्हायची. काचेला ओलं गोणपाट गुंडाळलेलं असे, त्यामुळे पाहुण्यांना मासे दिसतच नसत. हिवाळ्यात उलटी तऱ्हा. पहाटे गारठा पडला की हीटर हवा, आणि नेमकी तेव्हाच वीज नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. बोअरचं पाणी इतकं जड की काचेवर आठवड्यात क्षाराची पांढरी रेघ उमटायची. नळाचं पाणी चांगलं, पण ते येणार आठवड्यानं, आणि त्यात ब्लीचिंग पावडरचा वास. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. त्यावर उतारा म्हणजे हायपोचे खडे. आणि हायपो होता फोटो स्टुडिओवाल्याकडे! फिल्म धुण्यासाठी आणलेला माल डिजिटल कॅमेरे आल्यावर त्याच्याकडे नुसता पडून होता. लग्नांचे फोटो ज्यात पक्के व्हायचे, ते रसायन आमच्या माशांच्या कामी आलं.

शेजारच्या मावशींना हे काही पटत नसे. "माणसाला घागर मिळंना, अन् यांचे मासे हौदात लोळतेत," असं त्या भिंतीपलीकडून आईला ऐकू जाईल इतपत म्हणायच्या. आईला ते लागायचं. टाकीतून काढलेलं पाणी ती एक थेंब वाया जाऊ देत नसे. माशांच्या मलमूत्रातला नत्र त्यात मुरलेला असतो, झाडांना तो मानवतो. आधी तुळस, मग कढीपत्ता, मग मावशींच्या मोगऱ्याला दोन बादल्या. मोगरा फुलला आणि मावशींचा आवाज खाली आला. पुढे त्यांच्या पिंपात डासांच्या अळ्या झाल्या की त्या स्वतःच वाटीत गाळून आणून देत. जिवंत अळी दिसली की चंद्रकळा खालून वर तिरासारखी यायची. वाळक्या गोळ्यांकडे मात्र बघून न बघितल्यासारखं करी. कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायला येणाऱ्या आशाताईंपुढे ही देवाणघेवाण अर्थातच बंद असे.

एंजल अंडी घालतात ती उभ्या, गुळगुळीत जागेवर. आम्ही माळ्यावरची दगडी पाटी काढली, लाकडी चौकट सोडवली आणि तिरकी टेकवून ठेवली. चंद्रकळेनं ती दोन दिवस तोंडानं घासून साफ केली आणि खालून वर रांगा धरत शेकडो अंडी चिकटवली. भाऊसाहेब मागोमाग फिरत होते. दोघं आळीपाळीनं परांनी पाणी घालत बसले. अंडी फळली असती तर दोन-अडीच दिवसांत फुटायची. ती दुसऱ्याच दिवशी पांढरी पडायला लागली, मग त्यांवर बुरशी. पुन्हा तेच, पुन्हा तेच. बोअरच्या क्षारांना बोल लावून झाला, दूर गावाहून पावसाचं पाणी मागवून झालं. आणि एका सकाळी पाटीवर भाऊसाहेबच अंडी घालताना दिसले, चंद्रकळा मागून फिरत होती. नर-मादी वरून ओळखता न येणाऱ्या या जातीत दोन माद्यांनी असा संसार थाटणं नवलाचं नाही. बाबांना मात्र ते फार लागलं. नाव बदलायचं नाही, एवढं त्यांनी जाहीर केलं. "भाऊसाहेब परत बसली वाटतं," असं आमच्याकडे सहज बोललं जाई.

2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं तेव्हा, आम्ही टाकी निम्म्यावर आणली होती. चंद्रकळा तोवर म्हातारी झालेली. काळा रंग विटून राखेकडे झुकला होता, वरचा पर कडेनं विरला होता. निम्म्या पाण्यातही ती पंपाच्या नळीजवळची आपली जागा सोडत नसे. भाऊसाहेब तिथं आली की एकच हिसका. पाऊस पडला, टाकी पुन्हा भरली, आणि त्याच पावसाळ्यात एके दिवशी ती तळाशी आडवी सापडली. आईनं तिला चाळणीत घेऊन बाहेर काढलं.

संध्याकाळच्या आत भाऊसाहेबनं नळीजवळची जागा बळकावली होती. आई तिच्यावर दोन दिवस रुसली. "काही वाटतं का हिला?" असं म्हणत चिमूटभर दाणे मात्र वेळच्या वेळी टाकत राहिली.