कौतुक तोंडावर करावं

सातारा,
रविवार

चि. मुग्धास,


तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले, कारण हे बोलणं फोनवर उरकण्यासारखं नाही. लेडीज डब्यात एका अनोळखी बाईनं तुझी इरकली वाखाणली आणि तू पटकन म्हणालीस, "छे हो, आईची जुनी आहे, पदर विरलाय." आता म्हणतेस, मी असं का बोलले! अगं, आपल्याकडे सगळ्याच असं बोलतात. साडी छान म्हटलं की 'सेलमधली', आमटी छान म्हटलं की 'आज जरा तिखटच झाली'. लहानपणी आपलं कौतुक तोंडावर कुणी करतच नाही. पोर शेफारेल, दृष्ट लागेल, ही भीती. तुझे आजोबा माझ्या गणिताच्या मार्कांबद्दल गल्लीभर सांगत फिरायचे, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मला स्वतःला ते एवढंच म्हणाले होते, "इंग्रजीत कमी का?" टीका तोंडावर आणि कौतुक माघारी, असा आपला उलटा कारभार.

म्हणूनच परक्याचे दोन शब्द खोल जातात. घरच्यांच्या कौतुकात माया असते, ऑफिसातल्या कौतुकात थोडा हिशेब असतो. परक्याला आपल्याकडून काही मिळवायचं नसतं, उद्या आपण भेटणारही नसतो. बँकेत असताना मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना पैसे भरायची स्लिप लिहून दिली होती. त्यांनी ती काउंटरवर दिली, उरलेला अर्धा भाग हातात धरला आणि सोबतच्या नातवाला म्हणाले, "बघ, असं लिहायचं असतं." माझ्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत. साहेबांना माझ्या कामातली फक्त खाडाखोड दिसायची. पण त्या आजोबांमुळे आजही पाकिटावर पत्ता लिहिताना माझा हात आपोआप सावकाश चालतो.

यात माझा भाबडेपणा आहे असं समजू नकोस. २००८ साली जपानमधल्या संशोधकांनी प्रयोग करून पाहिलं, की पैसे मिळाल्यावर मेंदूचा जो भाग सुखावतो, तोच भाग परक्यांचं आपल्याबद्दलचं चांगलं मत कळल्यावरही सुखावतो. मग एवढी फुकटची चीज आपण देत का नाही? एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी हेच तपासलं. त्यांचा लेख २०२१ साली छापून आला. लोकांना त्यांनी सांगितलं, अनोळखी माणसाकडे जा आणि त्याच्यातलं काहीतरी वाखाणा. जाण्याआधी लोकांना वाटत होतं, समोरचा अवघडेल, वैतागेल. प्रत्यक्षात समोरच्याला त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं. आपल्याला नीट बोलता येईल का, याची काळजी बोलणाऱ्याला असते. ऐकणारा शब्द मोजत बसत नाही, त्याला त्यातला भाव पोचतो.

आणि आपल्याला दाद देता येत नाही, असंही नाही. तिकीट काढून बसलो की येते! संगीत नाटकांच्या काळात आपल्याच लोकांनी वन्समोअर देऊन देऊन नाटकं पहाटेपर्यंत लांबवली. लहानग्या नारायण राजहंसाचं गाणं ऐकून टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं, असं सांगतात. ते नाव नारायणरावांना जन्मभर पुरलं, आणि १९६८ पासून पुण्यात त्याच नावाचं रंगमंदिर उभं आहे. सवाई गंधर्व महोत्सवात बघ, समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, शेजारच्या अनोळखी माणसाशी नजरानजर होते, 'क्या बात है' निघून जातं. तोच रसिक बाहेर पडतो, टपरीवर उत्तम चहा पितो आणि सुट्टे पैसे ठेवून मुकाट्याने चालू लागतो. चहावाल्यानं त्या पातेल्यात आल्याचा अंदाज बरोबर साधला, हीसुद्धा समच की!

मागे वाईहून पाचगणीला एसटीनं गेले. पसरणीचा घाट, त्यात पाऊस आणि धुकं. उतरताना पुढच्या दाराशी जाऊन ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, घाटात पोटातलं पाणी हललं नाही हो." तो माझ्याशी काहीच बोलला नाही. कंडक्टरकडे वळून म्हणाला, "ऐकलं का, मास्तर?" त्या एका वाक्यात किती मिजास होती म्हणून सांगू! खरं सांगते, त्यापेक्षा जास्त मजा मला आली. घेणाऱ्याइतकंच देणाऱ्यालाही मिळतं, असे व्यवहार जगात फार नाहीत.

आता तू मुंबईत एकटी राहतेस, म्हणून एक भेद नीट समजून घे. रस्त्यावर कुणी तुझ्या दिसण्यावर शेरा मारून तुझ्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला, तर ती दाद नव्हे. ज्याला तुझं उत्तर हवं असतं, तो देत नसतो, मागत असतो. त्याला हसून दाखवायचं काही देणं तू लागत नाहीस. खरी दाद देणारा माणूस बोलतो आणि चालायला लागतो. तूही देशील तेव्हा तसंच कर. रूपाबद्दल बोलू नकोस, माणसानं कष्टानं केलेल्या किंवा हौसेनं निवडलेल्या गोष्टीबद्दल बोल. नुसतं 'छान' म्हणू नकोस. काय छान ते सांग, कारण त्यावरूनच त्याला कळतं की आपल्याकडे कुणीतरी नीट बघितलंय. आणि तुला कुणी दाद दिली तर 'बरं वाटलं ऐकून' म्हणून गप्प बस. समोरच्यानं धीर करून दिलेलं परत करू नये.

मनात आलेलं कौतुक राखून ठेवलं म्हणून त्यावर व्याज चढत नाही, एवढं बँकेत आयुष्य काढलेल्या बाईचं ऐक.

आणि हे पत्र आवडलं, तर आईला सांगत बसू नकोस. मलाच कळव.

तुझी,
मावशी