पिंपातली आग

आमच्या परड्याच्या टोकाला तीन चिऱ्यांवर एक गंजलेलं पिंप उभं आहे. दोनशे लिटरचं, खालून भोकं पाडलेलं, वर जाळीचं झाकण. पुण्याहून येणारे मित्र विचारतात, ‘बार्बेक्यू का?’ मी हसून विषय बदलते. कारण खरं उत्तर द्यायचं तर गडग्यापलीकडच्या काकांच्या अकरा काजूंपासून सुरुवात करावी लागते.

२०२१च्या फेब्रुवारीत मी लॅपटॉप घेऊन राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी राहत होते. त्या दिवसांत परड्यात चाललं की आपलीच पावलं मोठ्याने ऐकू येतात. फणस, काजू, साग, सगळ्यांचा पातेरा घोट्यापर्यंत साचलेला असतो. आई म्हणत होती, ‘उद्या सकाळी दोघी मिळून बघू.’ पण माझी दुपारची मीटिंग रद्द झाली आणि आईला सरप्राइज द्यावं असं मला वाटलं. पातेरा झाडून कमरेएवढा ढीग केला. काडी लावली. तीन वाजले होते.

शाळेत आपण सगळेच खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. पेपरात मला त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते. त्या दुपारी ते वारे पहिल्यांदा समजले. गडग्याचे दगड आगीने ओलांडले नाहीत. सागाचं एक पेटतं पान वर उचललं गेलं, गडग्यावरून तरंगत गेलं आणि काकांच्या वाळलेल्या गवतात उतरलं. मी पाण्याची बादली घेऊन पोचेपर्यंत गवत चरचरत पुढे गेलं होतं. वाडीतली माणसं हिरवे टहाळे घेऊन धावली आणि झोडपून झोडपून दीड तासाने आग विझली. तोवर सहा वर्षांची अकरा कलमं होरपळली होती.

काका आले, प्रत्येक झाडाजवळ उभे राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात त्यातल्या चार झाडांना फूट आली. मी धावत त्यांना सांगायला गेले. त्यांनी खाली वाकून बोट दाखवलं. फूट कलमाच्या जोडाच्या खालून आली होती. ‘वरचं मेलं. हे नुसतं खुंटाचं. झाड दिसेल, पण मी लावलेला काजू नाही तो.’ पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. म्हणाले, ‘रोपं आण, लाव आणि दोन उन्हाळे पाणी घाल.’ तेवढंच.

आगीची भीती बसली तरी पातेरा पडायचा थांबत नाही. पुढच्या हिवाळ्यात मी अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. तिकडे खेड्यांत परसात लोखंडी पिंप ठेवतात, ‘बर्न बॅरल’ म्हणतात त्याला. आईला दाखवलं. ती म्हणाली, ‘पिंपात पाणी साठवतात. आग कोण साठवतं?’

भंगारवाल्याकडे ऑइलचं पिंप मिळालं. ते कापायला वेल्डरकडे नेलं, तर त्याने आधी झाकणाचं बूच उघडून वास घेतला आणि पिंप परत माझ्याकडे ढकललं. रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा वाईट असतं, हे मला त्याने शिकवलं. तळाला राहिलेल्या तेलाची किंवा सॉल्व्हंटची वाफ बंद पिंपात भरून राहते. ग्राइंडरची एक ठिणगी आत गेली की पिंपाचा बॉम्ब होतो. म्हणून आत काय होतं हे ठाऊक नसलेलं पिंप घ्यायचंच नाही. माझ्या पिंपात काय होतं ते ठाऊक होतं, तरी ते साबणाने दोनदा धुतलं, पाण्याने भरलं आणि मग त्याने छन्नी-हातोड्याने वरचं झाकण काढलं. खालच्या बाजूला चहूकडून अंगठा जाईल एवढी भोकं, एकावर एक दोन ओळी. बुडाला पाच-सहा, पावसाचं पाणी साचून गंजू नये म्हणून. वर बसेल अशी लोखंडी जाळी, तिची भोकं पाव इंचापेक्षा लहान. ते सागाचं पान मला अडवायचं होतं.

भोकं का लागतात, हे पहिल्याच दिवशी दिसलं. धूर म्हणजे न जळलेलं जळण. आगीला खालून हवा मिळाली आणि जळण खडखडीत वाळलेलं असलं की ज्वाळा सरळ वर चढते आणि धूर थोडा होतो. पिंप गच्च भरलं की ते कोंदटतं, पिवळट धूर सोडत राहतं. म्हणून थोडं थोडं घालायचं. पहिली आग मात्र नुसत्या सुक्या काटक्यांची लावली, बाहेरचा रंग जळून जाईपर्यंत आम्ही दोघी लांब थांबलो.

जागा शोधायला पिंप बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. घर, गोठा, पेंढ्याची उडवी यांपासून दूर, डोक्यावर फांदी नाही, विजेची तार नाही. भोवती दहा फूट जमीन खरवडून लाल माती उघडी केली. दोन बादल्या पाणी, एक भिजवलेलं गोणपाट, एक फावडं. सुती कपडे. आणि रॉकेल-पेट्रोल कधीच नाही, विझत आलेल्या आगीवर तर नाहीच.

वेळेचं आईने सांगितलं. अगदी पहाटे धूर वर जात नाही, वाडीभर जमिनीलगत पसरतो. दुपारी समुद्राचा वारा सुटतो. मधले दोन तास आपले. तिला हे भाजवळीमुळे ठाऊक होतं. पेरणीआधी तरव्याच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा पसरून जाळायचा, तर वर मातीचा थर देतात आणि वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकाला काडी लावतात. मग आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. म्हणजे ज्ञान घरातच होतं. मी ते विचारलं नव्हतं, एवढंच.

पण पिंपाने मला वेगळंच काही दाखवलं. ढीग असतो तेव्हा त्यात काय आहे हे कुणी बघत नाही. पिंपात मूठ मूठ घालायला लागल्यावर हातात आलेली प्रत्येक गोष्ट दिसायला लागली. दुधाची पिशवी, बिस्किटाचा कागद, तुटकी चप्पल. हे सगळं इतकी वर्षं पातेऱ्याबरोबर जळत होतं. पिंपातली आग असलं काही नीट जाळण्याइतकी गरम नसते. क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक अशा अर्धवट आगीत डायॉक्सिन तयार करतं. ते गवतावर बसतं, गाईच्या चरबीत साठतं आणि दुधातून आपल्याकडे परत येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०००च्या यादीत डायॉक्सिनचा सर्वांत मोठा मोजलेला स्रोत कारखाना नव्हता, परसातली ही पिंपं होती. आता प्लॅस्टिक वेगळ्या गोणीत जातं आणि गोणी भरली की तालुक्याला. काजूची टरफलंही आगीत नाहीत, त्यांच्या तेलाचा धूर झोंबतो. बिब्ब्याचं आणि कण्हेरीचं लाकूड तर अजिबात नाही.

मग प्रश्न आला, पातेरा तरी का जाळायचा? उरलेला पातेरा मी काकांच्या नव्या रोपांच्या आळ्यांत पसरला, कारण तिथे पाणी मलाच घालायचं होतं. आच्छादन असलं की माती लवकर सुकत नाही, आणि मला दोन कळशा कमी न्याव्या लागल्या. आळशीपणातून सुरू झालेली ही गोष्ट टिकली.

कायद्याचंही सांगायला हवं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००. पिंप ही त्यातून सुटायची पळवाट नाही. सोसायटीच्या आवारात असलं काही करायचा विचारही करू नका.

एकदा चूक पुन्हा झालीच. संध्याकाळी राख गार वाटली म्हणून आईने ती प्लॅस्टिकच्या घमेल्यात काढून पडवीत ठेवली. सकाळी घमेल्याला भोक आणि खालच्या जमिनीवर काळा डाग. राखेखाली निखारा दिवसभरही जिवंत राहतो. तेव्हापासून पाणी मारायचं, काठीने ढवळायचं, परत पाणी मारायचं आणि राख दुसऱ्या दिवशीच काढायची. ती मग केळीला जाते.

आता पिंप वर्षातून दोन-तीनदा पेटतं. गेल्या जानेवारीत काका गडगा ओलांडून आले. खांद्यावर रोठ्याने पोखरलेल्या काजूच्या फांद्या होत्या. त्या तशाच टाकल्या तर आतली अळी पुढच्या झाडात जाते, त्यामुळे जाळाव्या लागतात. ‘तुझ्या पिंपात घाल,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘तुम्ही ठेवून जा, मी बघते.’ ते बादलीशेजारी चिऱ्यावर बसले.

साडेअकराला आग संपली. राखेवर दोनदा पाणी मारून झालं. बाराच्या सुमाराला वारा सुटला तेव्हा पिंपाला हात लावता येत होता. तरी काका उठले नाहीत. मीही नाही.