वलांडीवरचा वास

दिवाळी सरली, वारा फिरला, की आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर उन्हाबरोबर एक वास चढत जातो. थळ, वरसोली, खाली भरडखोल, जीवनाबंदर, कुठल्याही कोळीवाड्यात जा, बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले असतात. जबड्यात जबडा अडकवलेले, जोडीजोडीने, वाऱ्यावर हलकेच डुलणारे. खाली जुन्या जाळ्यांवर जवळा पसरलेला, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले कावळे. मांडव्याला उतरून गाडीने पुढे निघालेली मुंबईची मंडळी इथे आली की काचा वर करतात. मी शाळकरी असताना असंच एकदा नाक दाबलं होतं, तर जवळा उलथणारी मावशी म्हणाली, "नाक कशाला धरतस? म्हावऱ्याचा वास हाय, घाणीचा नाय."

त्या वासाचं रसायनशास्त्रातलं नाव ट्रायमिथाइल अमाइन. जिवंत मासळीला मात्र तो येत नाही. समुद्राचं खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेऊ पाहतं. त्याच्याशी झुंजायला मासा आपल्या पेशींमध्ये या अमाइनचा ऑक्सिजन जोडलेला, बिनवासाचा भाऊ साठवून ठेवतो. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, अंगात तर युरियाही भरपूर असतो. त्या युरियाने प्रथिनं विस्कटू नयेत म्हणून तिच्याकडे हा साठा अधिकच असतो. मासा मेला की जिवाणू त्या रेणूतला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेलं अमाइन हवेत सुटतं. गोड्या पाण्यातल्या माशांत हा साठा नावापुरताच, म्हणून तळ्यातल्या मासळीला समुद्राचा वास नाही.

आई बांगड्यांना मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवायची, मग धुवायची. कारण विचारलं तर "हिवस जातो" एवढंच. आंबट पदार्थातलं आम्ल त्या अमाइनशी संयोग पावतं, त्याचा क्षार होतो, आणि क्षार काही हवेत उडत नाही. कालवणात आमसूल पडतं ते चवीसाठी, हे खरंच, पण वासाचा बंदोबस्तही तिथेच होऊन जातो.

हे सगळं स्वयंपाकघरापुरतं राहिलं असतं. पण वलांडीवर जिवाणू जे करतात तेच आपल्या आतड्यात बसलेले जिवाणूही करतात. अंड्याच्या बलकातलं कोलीन, लाल मटणातलं कार्निटिन हे त्यांचं खाद्य. ते खाऊन ते हाच वायू सोडतात. तो रक्तातून यकृताकडे जातो, तिथे एक विकर त्याला पुन्हा ऑक्सिजन जोडतं, आणि माशाच्या अंगात होता तोच रेणू आपल्या रक्तात फिरू लागतो. टीएमएओ असं त्याचं आखूड नाव. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन यांच्या चमूने 2011 मध्ये या रेणूचा रक्तवाहिन्या कठीण होण्याशी संबंध दाखवला. 2013 मध्ये त्यांनी चार हजारांवर रुग्णांचा तीन वर्षांचा पाठपुरावा मांडला: ज्यांच्या रक्तात हा रेणू जास्त, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू जास्त. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात वर्षानुवर्षं मांस न खाणाऱ्यांना कार्निटिन दिलं, तर त्यांच्या रक्तात तो रेणू फारसा वाढलाच नाही. खाणं तेच, पण आत ते रांधणारं कोणी नव्हतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाला पडेल तोच प्रश्न मला पडला: मग मासळीचं काय? मासळीत तर हा रेणू आयताच तयार. निरोगी तरुणांना आलटून पालटून मासे, अंडी आणि गोमांस खायला घालून मोजणी झालेली आहे. मासे खाल्ल्यावर रक्तातला टीएमएओ इतर खाण्यांच्या मानाने पन्नासेक पटींनी चढतो. या हिशेबाने कोळीवाड्यात एक धड हृदय सापडू नये. पण जगभरच्या मोठमोठ्या पाहण्यांत मासे खाणाऱ्यांची हृदयं बिघडलेली दिसत नाहीत, उलट थोडी चांगलीच दिसतात. माशातल्या ओमेगा-3 चरबीने तोल सावरला असेल, किंवा तासाभरात चढून लघवीवाटे निघून जाणारा रेणू वेगळा आणि कायम रक्तात मुरलेला वेगळा. मूत्रपिंड थकलं की हा रेणू साचतो, तेव्हा तो गुन्हेगार की गुन्ह्याच्या जागी सापडलेला साक्षीदार, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मला हा वाद आवडतो. औषधाच्या दुकानातल्या डब्यांवर हृदयाची लालचुटुक चित्रं छापून जे ठासून सांगितलेलं असतं, त्यापेक्षा तो पुष्कळ प्रामाणिक आहे.

झाडांचा कारभार आणखी गुंतागुंतीचा. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते रसायनं करून ठेवतं: कडू, तुरट, खाजरी. पावसाच्या तोंडाशी आमच्याकडे रानातून शेवळं येतात. ती नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, म्हणून काकड नावाच्या रानफळांचा आंबट रस घालावाच लागतो. जांभळाचा तुरटपणा, कोकमाचा लाल रंग, तांबड्या तांदळाच्या कोंड्यातलं टॅनिन, सगळी एकाच गोत्रातली, पॉलिफेनॉल म्हणतात ती. गंमत अशी की त्यांतला फार थोडा भाग लहान आतड्यात शोषला जातो. नव्वद टक्क्यांहून अधिक तसाच पुढे मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या पुढ्यात येऊन पडतो. ते त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात शिरतात. जांभळातल्या एका जातीच्या टॅनिनपासून काही जणांच्या आतड्यात युरोलिथिन नावाचे रेणू तयार होतात, काहींच्या आतड्यात होतच नाहीत. एकाच झाडाची जांभळं खाऊन दोन भावांच्या जिभा सारख्याच जांभळ्या होतील. रक्तात काय उतरेल ते ज्याच्या त्याच्या जिवाणूंवर.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे यांच्या चमूने 2012 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यातले जिवाणू त्यांनी तपासले, आणि वयाप्रमाणे ते बदलत गेलेले दिसले. पाश्चात्त्य प्रयोगशाळेला एकत्र कुटुंब इतक्या सहज कुठून मिळणार! असे अभ्यास आपल्याकडे ढिगाने व्हायला हवेत. आजोबांच्या ताटातला वाल आणि नातवाच्या ताटातला वाल एकाच कढईतला असला, तरी पुढे त्याचं होतं वेगवेगळं.

वाल म्हटलं की माझा हात आपोआप अंगठा आणि तर्जनी जुळवतो. रात्री भिजवायचे, सकाळी फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग घरातल्या सगळ्यांनी परातीभोवती बसायचं. मोडाच्या विरुद्ध टोकाला चिमटा दिला की साल हातात राहते आणि मऊ, पोपटी डाळिंबी टुणकन परातीत पडते. कधी ती थेट कपाटाखाली जाते. सालं तपकिरी, कडसर, आणि बोटांना दिवसभर त्यांचा एक हिरवट वास. टॅनिन मुख्यतः त्या सालीत असतं, चोथाही तिथेच, आणि आम्ही ती केळीच्या आळ्यात टाकून देत असू. बिरडं कडू होऊ नये म्हणून ते ठीकच. पोपटीच्या वेळी, म्हणजे वाल मडक्यात भाजताना, मात्र शेंगाच्या शेंगा जातात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मडक्याच्या तोंडाशी पुन्हा पाल्याचा बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. थंडीत खारेपाटातल्या शेतांत जिकडेतिकडे या जाळाचा धूर असतो, आणि दुसऱ्या दिवशी घराघरांत वेगळाच वायू असतो. आजी म्हणायची, "ओवा हात राखून टाकू नका, वाल बाधतो."

तो बाधतो कारण त्यातल्या काही शर्करा पचवायचं विकरच माणसाकडे नाही. ते काम खाली बसलेल्यांचं. 2016 मधल्या एका अंदाजाप्रमाणे माणसाच्या अंगात अडतीस लाख कोटी जिवाणू आहेत, वजन सगळं मिळून दोनशे ग्रॅम. या जिल्ह्यात राहून मला त्यांच्याकडे बघितलं की कुळं आठवतात. जमीन आपली, कसणार ती. 1933 ते 1939 या काळात अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचं नाकारलं, शेतं ओस पडली, तेव्हा कसणाऱ्याचं मोल खोतांना कळलं. आतली कुळं संप करत नाहीत. चोथ्याचं खाणं बंद झालं तर ती आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर खायला लागतात, निदान उंदरांत तरी हे स्वच्छ दिसलं आहे. पोटभर चोथा मिळाला तर ती त्याचं ॲसेटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट करतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या भिंतीच्या पेशी जगतात. बाकीची दोन रक्तात जातात आणि थेट रक्तदाबाला हात घालतात. जेनिफर प्लझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की उंदराच्या मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांवर वास ओळखणाऱ्या घराण्यातला एक ग्राही बसलेला आहे. तो प्रोपिओनेट हुंगतो आणि रक्तदाब चढवतो, आणि त्याच्या जोडीला दुसरा एक ग्राही तेच हुंगून रक्तदाब उतरवतो. मूत्रपिंडाला नाक! आणि तेही परस्परविरुद्ध मतं असलेली दोन.

जिवाणूंच्या खाण्याचा विषय निघाला आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याबद्दल बोललं नाही, तर तो पिकवणारी कार्ले-खंडाळ्याची माणसं मला गावात येऊ देणार नाहीत. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारा, गोडसर, पातीची वेणी घालून माळांनी विकला जाणारा हा कांदा. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वडखळच्या रस्त्यावर तो औषधी म्हणून विकला जातो, आणि कोणी हृदयाचं नाव काढलं की क्वेर्सेटिन या पॉलिफेनॉलचा उल्लेख येतो. पण क्वेर्सेटिन हे रंगीत कांद्याचं धन. लाल-पिवळ्या कांद्यात ते भरपूर, पांढऱ्यात जवळजवळ नाहीच. पांढऱ्यात आहे ते फ्रुक्टन, जे आपल्याला पचत नाही आणि जिवाणूंना फार आवडतं. म्हणजे माळ घ्यावी ती जरूर घ्यावी, तांदळाच्या भाकरीबरोबर कच्चा फोडून खावा, फक्त त्याच्या गळ्यात दुसऱ्याचं पदक घालू नये. खोबऱ्याचंही थोडं तसंच. नागाव-चौलच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला हे लिहिणं जड जातं, पण खोबरेल तेलात जवळपास नव्वद टक्के संपृक्त चरबी असते, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ती वाढवते. सोलकढी मी सोडणार नाही. वाटी मात्र लहान केली आहे.

श्रीवर्धनला आमचे एक अण्णा आहेत. हृदयात स्टेंट पडल्यापासून त्यांनी घरातली मासळी बंद केली, ओली आणि सुकी दोन्ही. खारा बांगडा बंद केला हे चांगलंच, त्यातलं मीठ रक्तदाबाला मारकच. पण ताजा बांगडा का? "कुठेतरी वाचलं, माशांमुळे रक्तात काहीतरी वाढतं." बोलता बोलता अडकित्ता चालूच होता. समोर ताटलीत रोठा सुपारी, त्यांच्याच वाडीतली, श्रीवर्धनचं नाव मुंबईच्या बाजारात मोठं करणारी. त्यातलं ॲरेकोलीन हेही झाडाचंच रसायन, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे. शिवाय सुपारी चघळणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळल्याचे तैवानमधले अभ्यास आहेत. मी हे सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे पण ही शाकाहारी आहे ना!"

आतून काकूंचा आवाज आला, "त्यांना सांगून उपयोग नाही. तू मला सांग, उद्या बांगडा आणू की नको?"

आणा म्हटलं. तळू नका, आमसुलं घालून कालवण करा, आणि बरोबर वालाचं बिरडं.

"बिरडं? रात्रीचं? झोपणार आहे का कोणी या घरात?"