वीस किलोंचा हिशेब

करूळ घाटाच्या माथ्यावरचे आमचे गगनबावडा. इथली माणसे सामानाच्या बाबतीत भारी उदार. पाहुणा कोल्हापूरला निघाला, की तांदळाची पिशवी, नाचणीचे गाठोडे, वर आमसुलांची पुडी हटकून त्याच्या गळ्यात पडते. एस.टी. बिचारी सारे पोटात घेते.

अशा घरात वाढलेला मी. भाच्याचे विमान पाहताच पहिला प्रश्न विचारला, "अरे, पण सामान कुठं ठेवायचं?"

होय, विमानच! कोल्हापुरात एका शेडमध्ये तो दोन माणसांचे विमान स्वतः बांधतो आहे. प्रथम घरात सर्वांनी त्याला वेड्यात काढले. पण कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदही झाली. तेव्हापासून आमची तोंडे बंद आहेत.

बैठकीमागे थेट शेपटीपर्यंत पोकळी दिसत होती. मी म्हणालो, "दोन फळ्या ठोक, झालं!"

तो हसला. "मामा, तुम्ही कावड पाहिलीय ना? खांद्यापासून जितकं लांब, तितकं ओझं जड. बैठकीमागं अर्ध्या मीटरवर वीस किलो ठेवले काय, नि शेपटीत दोन मीटरवर पाच ठेवले काय, तोल सारखाच ढळतो."

"ढळला तर?"

"शेपूट जड झाली, की नाक वर उठतं. वेग मंदावला, की पंख विमानाला पेलत नाहीत. अशा वेळी नाक खाली घ्यावं लागतं, पण जड शेपूट ते घेऊ देत नाही. मग सावरायला उसंत मिळत नाही."

मी गप्प झालो. माझ्या त्या दोन फळ्यांवर उद्या दोन जीव बसणार होते.

अखेर त्याने बैठकीला चिकटूनच कप्पा केला. सामान मागे सरकू नये म्हणून पलीकडे भक्कम आडभिंत घातली, वर जाळी ताणली. हवेच्या हिसक्यात चौपट जोर आला, तर वीस किलो ऐंशींसारखे ओढतात. तळही त्या मानाने बळकट हवा. मग तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवून वजन घेतले. टाकी भरलेली, टाकी रिकामी, एक माणूस, दोन माणसे, असे सारे हिशेब मांडले. शेवटी कप्प्याच्या झाकणावर रंगवले : 'वीस किलो. जास्त नाही.'

ते वाचून अक्का म्हणाली, "आणि आईचा फराळ?"

"वीसातच, आई."

गावी परतल्यावर मी ताणकाटा शोधून काढला. अक्कासाठी भरलेली दिवाळीची पिशवी तेवीस किलो भरली. तीन किलो तांदूळ मी मुकाट्याने कणगीत परत ओतले.

पिशवी एस.टी.नेच जायची होती. तरीसुद्धा!